डेटाशीटच्या आकड्यावर मॉडेल चालत नाही

तुमच्या लेखात म्हटलंय की मेम्ब्रेनची (पाणी गाळणाऱ्या पडद्याची) पाणी आणि मीठ पास करायची क्षमता कंपनीच्या डेटाशीटवरून घेतली की समुद्राच्या आरओचं, म्हणजे दाबाने खारं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटचं, गणिती मॉडेल तयार, ते काही पटलं नाही बुवा. डेटाशीटची टेस्ट 25 डिग्रीला, 32,000 पीपीएमच्या स्वच्छ मिठाच्या पाण्यावर, 55 बारला आणि तीही फक्त 8% रिकव्हरीवर (आत घेतलेल्या पाण्यातलं जेवढं गोडं होऊन मिळतं ते) असते, आणि प्लांट चालतो 40-45% वर. म्हणजे आत लिटरला 35 ग्रॅम मिठाचं पाणी उरलेलं खारं पाणी म्हणून बाहेर पडेपर्यंत साठ-पासष्टला जातं, ऑस्मॉटिक प्रेशर (मिठामुळे पाणी मागे ओढणारा दाब, पंपाला आधी तोच मोडावा लागतो) जवळजवळ दुप्पट होतं, मग व्हेसलमधल्या (एकामागे एक मेम्ब्रेनची नळकांडी, म्हणजे एलिमेंट, बसवलेल्या पाइपमधल्या) शेवटच्या एलिमेंटला जोर उरतो किती? वर मेम्ब्रेनच्या अगदी अंगाला मीठ जास्तच साचतं, ते वेगळं.

मी बडोद्याचा, पण नोकरी खंभातच्या आखाताकाठी, अशाच प्लांटवर. एका जानेवारीत गोड्या पाण्याचा फ्लो बराच उतरला, सगळे म्हणाले चोकअप (मेम्ब्रेन घाणीने तुंबली), केमिकल क्लीनिंग केलं, दोन दिवस गेले आणि फरक शून्य! नंतर लॉगशीट काढून बघितलं तर पाणीच थंड होतं, एका डिग्रीला साधारण 3% फ्लो जातो हे आम्हीच विसरलो (साहेबांसकट). मे महिन्यात उलटं, फ्लो झकास आणि प्रॉडक्टचा, म्हणजे गोड्या पाण्याचा, टीडीएस (विरघळलेले क्षार) वर. खरं चोकअपही पाहिलंय, पहिल्या एलिमेंटचं टोक उघडलं तर करडा चिखल, बोटाला साबणासारखा बुळबुळीत. तो कुठल्या डेटाशीटमध्ये आहे? टेंपरेचर करेक्शन आणि फाउलिंगवर (याच चोकअपवर) पुढच्या लेखात लिहा की राव.