आर्जिनीनचा डबा का दिला नाही: दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

आपली तक्रार अशी, की गेल्या महिन्यात आमच्या मुलाने "ताणाने रक्त घट्ट होतं, आर्जिनीनने पातळ राहील" म्हणत आपल्याला आर्जिनीन पावडरचा (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) डबा विकला. परवा वडिलांसाठी तोच मागितलात, तर मी चारचौघांत सुनावून परत पाठवलं. "दुकान आहे की दवाखाना?"

मुलगा चुकला. खरं तर मीच, कारण माझंच अर्धवट ऐकून तो बोलला. जखम झाली तर रक्त वाहून जाऊ नये म्हणून ताणात शरीर रक्त गोठवायची तयारी करतं, आणि ताण महिनोन्‌महिने टिकला की ती तयारी उतरत नाही, इथवर खरं. आर्जिनीनपासून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं, त्याने प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) एकमेकींना कमी चिकटतात, हेही खरं. (१९९८चं नोबेल या वायूवरच्या कामाला मिळालं.) पण पावडर खाल्ली की गुठळी टळते, हे सिद्ध झालेलं नाही. मूठभर शेंगदाण्यांतही आर्जिनीन असतं, म्हणून शेंगदाणे कुणी औषध म्हणून विकत नाही.

वडिलांचं मात्र मी आजही देणार नाही. हार्ट अटॅकला दोन महिने झालेत, हे आपणच इथे लिहिलंय म्हणून बोलतो. अटॅक येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर अमेरिकेत चाचणी झाली, २००६ साली छापून आली. सहा महिन्यांत आर्जिनीनवाल्यांतले ६ जण दगावले, आर्जिनीन न दिलेल्या गटात एकही नाही. पुढे रुग्ण घेणंच थांबवलं. आणि आपण तर म्हणालात, "रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करून हे देतो." स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) असताना त्या गोळ्या परस्पर थांबवल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. माझा आवाज चढला तो तिथे. चारचौघांत चढायला नको होता. त्याबद्दल माफ करा.

"ताण कमी, रक्त मोकळं" ही काउंटरवरची पाटी काढलीये. डब्यावर "औषधी वापरासाठी नाही" हे इंग्रजीत बारीक छापलेलं असतं, ते आता मराठीत ठळक लावलंय. फोडलेल्या डब्याचे पैसे परत देतो, बिल नसलं तरी.

पण त्याआधी एक. हिंजवडीत दिवसभर बसून डावी पोटरी दुखते, असं आपण जाता जाता लिहिलंय. एकाच पायाला सूज किंवा गरमपणा असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील तर डॉपलर (पायाच्या शिरेत गुठळी आहे का ते बघणारी सोनोग्राफी) करा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ कॅज्युअल्टीत जा. डबा नंतर आणा. दुपारी मी जेवायला घरी जातो, पण पैसे मुलाकडे ठेवलेत.