चित्रकलेचा तास बीजगणिताला

मुलगी आठवीत आहे. घटक चाचणी जवळ आली म्हणून तिचे चित्रकलेचे तास दोन आठवडे बीजगणिताला देऊन टाकले. पालकांच्या ग्रुपवर मी कुरकुर केली, तर एक गृहस्थ म्हणाले, "एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे वाढीव गुण मिळाले की झालं. पुढे सायन्सलाच जायचंय ना?" त्यावर अंगठ्यांची रांग लागली. तिथे भांडलो नाही, इथे लिहितो.

मी टूलरूममध्ये काम करतो. साचे, डाय हेच रोजचं. त्यामुळे जयपूर फूट या कृत्रिम पायाची गोष्ट मला डॉक्टरइतकीच साचा करणाऱ्याची वाटते.

१९६० चं दशक सरत आलेलं. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हाडांचे डॉक्टर होते. तेव्हा मिळणारा परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय घोट्यात ताठ असायचा आणि तो बुटात लपणार हे धरूनच केलेला असायचा. आपला शेतकरी बूट घालून चिखलात उतरणार? देवळात, चुलीपुढे बूट? उकिडवं बसता येईना, मांडी घालता येईना. लोक तो पाय कोपऱ्यात टाकून पुन्हा कुबड्या घ्यायचे.

त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर रुग्णांना हस्तकला शिकवायचे. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. शिक्षण चौथीपर्यंत. घोटा कसा वळतो, भार कुठे येतो हे डॉक्टरांना ठाऊक. ते हातात कसं आणायचं हे मास्टरजींना. सांगतात की टायरवर रबर चढवताना पाहून त्यांना रबराच्या पावलाची कल्पना सुचली. आत स्पंज रबर आणि लाकडाचा ठोकळा, वर टायरमधली दोरी आणि रबराचे थर, मग सगळं साच्यात घालून भट्टीत. एकही वस्तू दुर्मिळ नाही.

पण माझं लक्ष जातं ते पावलाच्या बोटांकडे. त्या पावलाला बोटं आहेत, कातडीचा रंग आहे. आमच्या मीटिंगमध्ये कुणी तरी नक्की म्हणालं असतं, "दिसण्याचं नंतर बघू, आधी चालू तर दे." अनवाणी फिरायचं म्हटल्यावर मात्र पाऊल पावलासारखं दिसणं हेच निम्मं काम होतं. ते ज्याला पहिल्या दिवशी कळलं, तो आकार घडवणारा माणूस होता.

मुंबईच्या सुधा चंद्रन यांनी १९८१ च्या अपघातात पाय गमावला आणि १९८४ मध्ये जयपूर फूटवर पुन्हा रंगमंचावर भरतनाट्यम केलं. भरतनाट्यम बूट घालून होत नाही.

१९८१ चा मॅगसेसे डॉ. सेठींना मिळाला, आणि तो त्यांचा हक्कच होता. मास्टरजींचं नाव मात्र आमच्या ग्रुपवरच्या किती जणांना माहीत आहे, विचारून बघायला हवं.

असो. तास गेला म्हणून रविवारी मुलीला म्हटलं, माझा पाय काढ. पाऊण तास हललो नाही. मध्येच ती म्हणाली, "बाबा, तुझा आतला घोटा बाहेरच्यापेक्षा वर आहे." मी आधी तिलाच चुकीचं ठरवलं. मग दुसरा पाय पाहिला, तिचा पाहिला, बायकोचा पाहिला. सगळ्यांचा तसाच. वीस वर्षं साचे करतोय, आणि हे मला परवा कळलं.