‘शंभरातले वीसच पोहोचतात’: एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

आंतरराष्ट्रीय आरोग्यसंस्थांना देणगी देऊ नका, असे बजावणारा एक संदेश समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी नव्याने फिरू लागतो. संस्थांची नावे आणि आकडे बदलतात, युक्तिवाद मात्र तोच असतो. शंभरातले जेमतेम वीस रुग्णापर्यंत पोहोचतात आणि उरलेले कार्यालयांवर व जाहिरातींवर उडतात; प्रमुखाचा पगार ऐकून डोळे पांढरे होतात; लेखापरीक्षणातच दोन तृतीयांश पैसा गिळंकृत झाल्याचे उघड झाले आहे; ‘इतके जीव वाचवले’ हे आकडे निव्वळ बनावट असतात; आणि बँकेत कोट्यवधी पडून असताना या संस्था पुन्हा हात पसरतात. म्हणून ज्या संस्थेचा प्रशासकीय खर्च शून्य आहे तिलाच पैसे द्या, असा सल्ला शेवटी दिलेला असतो. यातल्या काही विधानांमागे खऱ्या घटना आहेत, त्यामुळे सगळा संदेश एका शब्दात निकालात काढणे योग्य होणार नाही. प्रत्येक दावा स्वतंत्रपणे पाहायला हवा.

पहिला दावा टक्केवारीचा आहे आणि बाकीचे बहुतेक दावे त्याच्याच आधारावर उभे आहेत. अमेरिकेतील बहुतेक मोठ्या करमुक्त संस्थांना दरवर्षी ‘फॉर्म ९९०’ भरावा लागतो. त्यात खर्चाची विभागणी तीन रकान्यांत करायची असते: कार्यक्रम (म्हणजे संस्थेचे प्रत्यक्ष काम), व्यवस्थापन आणि निधीसंकलन. टक्केवारी याच रकान्यांतून काढली जाते. पण कोणता खर्च कोणत्या रकान्यात जाईल हे बऱ्याच अंशी संस्थेच्या लेखापालाच्या निर्णयावर अवलंबून असते. उदाहरणार्थ, देणगी मागणाऱ्या पत्रात आजाराची लक्षणे आणि घ्यायची काळजी यांविषयी चार ओळी असतील, तर उद्देश, वाचकवर्ग आणि मजकूर यांविषयीच्या अटी पाळून त्या पत्राच्या छपाईचा व टपालाचा काही भाग ‘कार्यक्रम’ म्हणून दाखवता येतो. अमेरिकेतील सनदी लेखापालांच्या संघटनेने १९९८ मध्ये घालून दिलेल्या नियमांतच ही सोय आहे.

वस्तुरूप देणग्यांचा परिणाम याहून मोठा असतो. जंतावरची मेबेंडाझोलची गोळी आंतरराष्ट्रीय बाजारात काही सेंटांना मिळते. अमेरिकी बाजारभावाने तीच दहा डॉलरच्या वर जाते. कोणता भाव धरायचा यावरून काही संस्था आणि नियामक यांच्यात वाद झाले आहेत, आणि त्याचे कारण साध्या हिशेबातून कळते. समजा, एका संस्थेला दहा लाख डॉलर रोख मिळाले आणि त्यातले चार लाख कार्यालयावर खर्च झाले, तर प्रशासकीय खर्च ४० टक्के होतो. त्याच संस्थेने दान म्हणून आलेल्या गोळ्या फुगवलेल्या भावाने नव्वद लाख डॉलरच्या दाखवल्या आणि वाटूनही टाकल्या, की तोच खर्च ४ टक्क्यांवर येतो. कार्यालयावरचा एक डॉलरही कमी झालेला नसतो. अमेरिकेतील लेखामानके ठरवणाऱ्या मंडळाने २०२० मध्ये वस्तुरूप देणग्या वेगळ्या ओळीत दाखवण्याचा आणि मूल्यांकनाची पद्धत सांगण्याचा नियम केला, त्यामागे हीच पार्श्वभूमी आहे. तेव्हा ‘वीसच पोहोचतात’ हे जितके संशयास्पद, तितकेच ‘शहाण्णव पोहोचतात’ हेही संशयास्पद मानायला हवे. संदेश लिहिणारा फक्त पहिल्याच आकड्याकडे बोट दाखवतो.

शिवाय हस्ते परहस्ते दिलेल्या पैशाचा प्रश्न उरतोच. २०१० च्या भूकंपानंतर हैतीसाठी अमेरिकन रेड क्रॉसने सुमारे ५० कोटी डॉलर गोळा केले आणि डॉलरमागे ९१ सेंट मदतीला जातात असे सांगितले. परंतु त्यातील बराच पैसा इतर संस्थांमार्फत खर्च झाला आणि त्या संस्थांनी आपापला प्रशासकीय वाटा त्यातून घेतला. हिशेबात पहिल्या संस्थेच्या दृष्टीने तो सगळा ‘कार्यक्रम’च होता. शोधपत्रकारांनी ही गोष्ट पुढे आणली, आणि ती टीका रास्त होती; मात्र ती टीका प्रशासकीय खर्चाची टक्केवारी जास्त असल्याची नव्हती, टक्केवारीतून काहीच कळत नसल्याची होती.

प्रशासकीय म्हणून हिणवला जाणारा खर्च प्रत्यक्षात काय करतो, हे हंगामी हिवताप प्रतिबंधाच्या कामात जवळून पाहता येते. आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात पावसाळ्याच्या महिन्यांत पाच वर्षांखालील मुलांना दर महिन्याला तीन दिवस औषध दिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये या पद्धतीची शिफारस केली. पहिल्या दिवसाचा डोस घरोघर फिरणारा कार्यकर्ता स्वतःसमोर पाजतो, थोडा वेळ थांबतो, मुलाने ओकून टाकला तर पुन्हा देतो आणि पुढच्या दोन दिवसांच्या गोळ्या आईच्या हाती ठेवतो. या दोन दिवसांच्या गोळ्या खरोखर दिल्या गेल्या का, हे कळण्यासाठी नंतर वेगळ्या माणसांनी घरोघर जाऊन विचारावे लागते, मुलाचे कार्ड तपासावे लागते, नमुना निवडावा लागतो. ही पाहणी बंद केली तर खर्चाचा आकडा सुधारेल. औषध पोटात गेले की उंबऱ्यावर राहिले हे मात्र कोणालाच सांगता येणार नाही. गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या देणगीदारांना माहिती पुरवणाऱ्या तीन संस्थांच्या प्रमुखांनी २०१३ मध्ये एक खुले पत्र काढून, केवळ प्रशासकीय खर्चाच्या प्रमाणावरून संस्थेची पारख करू नका, असे जाहीरपणे सांगितले. हे प्रमाण लोकांच्या मनात रुजवण्यात यांतील काहींचा स्वतःचाच हातभार होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पत्राचे वजन कळते.

‘शून्य प्रशासकीय खर्च’ किंवा ‘शंभर टक्के थेट’ या दाव्याचा अर्थही इथेच सांगून टाकणे बरे. अगेन्स्ट मलेरिया फाउंडेशन ही संस्था जनतेकडून आलेल्या देणग्यांतील सगळी रक्कम मच्छरदाण्यांवर खर्च करते, आणि हे विधान खरे आहे; पण तिचे पगार, हिशेब आणि देखरेख यांचा खर्च काही मोजक्या देणगीदारांनी वेगळा उचललेला असतो. खर्च नाहीसा झालेला नसतो, तो दुसऱ्याच्या नावावर असतो. ही व्यवस्था गैर नाही, परंतु तिच्यावरून त्या संस्थेला इतरांपेक्षा श्रेष्ठ ठरवणेही बरोबर नाही. ती चांगली ठरते ती वेगळ्या कारणांनी, ज्यांकडे पुढे येऊ.

पगाराचा दावा थोडक्यात आटोपता येईल. डझनावारी देशांत काम करणाऱ्या आणि वर्षाला शेकडो कोटी डॉलर हाताळणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाचे वेतन एकूण खर्चाच्या तुलनेत नगण्य असते, आणि ते शून्यावर आणले तरी एकूण टक्केवारीत फरक दिसत नाही. ते वेतन कोण ठरवते, मंडळ स्वतंत्र आहे का, मंडळावर नातेवाईक किंवा पुरवठादार बसले आहेत का, हे विचारणे योग्य आहे. अमेरिकेत त्याची माहिती त्याच फॉर्ममध्ये असते आणि ब्रिटनमध्ये मोठ्या धर्मादाय संस्थांना ६० हजार पौंडांवरचे पगार टप्प्याटप्प्यांनी जाहीर करावे लागतात. आकड्याचा नुसता धक्का हा पुरावा नव्हे.

आता दोन तृतीयांशाचा दावा. यामागची घटना खरी आहे, म्हणून ती नीट सांगायला हवी. जानेवारी २०११ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने एक बातमी दिली. एड्स, क्षयरोग आणि हिवताप यांच्याशी लढण्यासाठी २००२ मध्ये स्थापन झालेल्या ग्लोबल फंडाच्या काही अनुदानांत दोन तृतीयांशापर्यंत रक्कम भ्रष्टाचारात गेल्याचे त्यात म्हटले होते. मॉरिटानियातील एड्सविषयक कार्यक्रमात ६७ टक्के आणि मालीतील क्षयरोग व हिवतापाच्या कार्यक्रमात ३६ टक्के रक्कम गैरमार्गाने खर्च झाल्याचे फंडाच्याच महानिरीक्षकांना, म्हणजे अंतर्गत तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांना, आढळले होते. ‘काही अनुदानांत’ हे शब्द पुढे गळाले आणि दोन तृतीयांश हा आकडा सगळ्या फंडाला चिकटला. जर्मनीने आपला हप्ता रोखून धरला, स्वीडननेही हात आखडता घेतला.

फंडाच्या समर्थकांचे उत्तर असे होते की, तोवर वाटलेल्या १३ अब्ज डॉलरपैकी फक्त ३ कोटी ४० लाख डॉलरांचा गैरव्यवहार आढळला आहे, म्हणजे पाव टक्का. हे उत्तरही मला पटत नाही, आणि ते सांगितल्याशिवाय हा प्रतिवाद प्रामाणिक होणार नाही. ३ कोटी ४० लाख हा तपासलेल्या अनुदानांतला आकडा होता आणि १३ अब्ज ही न तपासलेल्यांसह सगळी रक्कम. तपासलेल्या भागातला अंश घेऊन त्याला न तपासलेल्या एकूण रकमेने भागले की उत्तर सोयीचे येते, खरे येत नाही. उलट, तपासणी जिथे संशय अधिक होता तिथे आधी झालेली असल्याने त्या अनुदानांवरून सगळ्या फंडाचे प्रमाण काढणे हेही तितकेच चुकीचे. योग्य छेद असता तो तपासलेल्या अनुदानांच्या एकूण रकमेचा, आणि तोही निवड कशी झाली हे सांगून. संदेशात यातले काहीच नसते. आणखी एक गोष्ट त्यात नसते: ही सगळी माहिती बाहेर आली ती फंड आपल्या महानिरीक्षकांचे अहवाल जाहीर करत असे म्हणून. जी संस्था असे अहवाल कपाटात ठेवते तिच्यावर अशी बातमी कधीच येत नाही, आणि असल्या संदेशांत ती स्वच्छ ठरते.

जीव वाचवल्याच्या आकड्यांबद्दल संदेशाचा संशय अगदीच अनाठायी नाही. ग्लोबल फंडाच्या २०२४ च्या अहवालात ६ कोटी ५० लाख जीव वाचल्याचे म्हटले आहे. पण हा आकडा फंडाच्या भागीदारीत चाललेल्या कार्यक्रमांचा आहे, ज्यांत त्या देशांची सरकारे आणि इतर दातेही पैसा घालतात. एकाच मुलाला दिलेली लस पैसा देणारा, ती खरेदी करणारा आणि ती टोचणारा असे तिघेही आपल्या अहवालात मोजू शकतात. म्हणून असे आकडे बेरजेला घ्यायचे नसतात आणि ‘हा पैसा नसता तर काय झाले असते’ हे विचारल्याशिवाय त्यांना अर्थही नसतो.

मात्र यावरून आकडे बनावट ठरत नाहीत, कारण काही ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर चाचण्यांनी दिलेले आहे. कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांच्या यादृच्छिक चाचण्यांचा (ज्यांत मच्छरदाणी कोणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते), वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने काढलेला २००४ चा आढावा सांगतो की, मच्छरदाणी नसलेल्यांच्या तुलनेत बालमृत्यू १७ टक्क्यांनी कमी झाले, आणि संरक्षण मिळालेल्या दर हजार मुलांमागे वर्षाला सुमारे साडेपाच मृत्यू टळले. त्या चाचण्या झाल्या तेव्हाचे बालमृत्यूचे प्रमाण आजच्यापेक्षा जास्त होते आणि डासांमधली कीटकनाशकाला दाद न देण्याची क्षमता कमी होती. म्हणून हा आकडा आज जसाच्या तसा वापरता येत नाही, तो खाली आणावा लागतो. गिव्हवेल ही मूल्यमापन करणारी संस्था अशा दुरुस्त्या करून, आपण सुचवलेल्या सर्वोत्तम कार्यक्रमांतही एक जीव वाचवण्याचा खर्च ढोबळमानाने तीन ते साडेपाच हजार डॉलर धरते. मच्छरदाणी स्वतः काही डॉलरांची असते. ‘दोन डॉलरांत एक बाळ वाचवा’ असे छापणारी जाहिरात आणि ‘सगळे बनावट’ म्हणणारा संदेश, दोघेही या दोन आकड्यांमधले अंतर लपवतात.

राहिला बँकेतल्या पैशाचा दावा. राखीव निधी असणे हा दोष नव्हे. साथ किंवा भूकंप आल्यावर देणग्यांची वाट न पाहता निघता यावे यासाठी तो लागतोच, आणि किती महिन्यांचा खर्च भागेल इतका तो असावा याचे धोरण संस्थेने जाहीर केलेले असावे. तरीही अधिक पैसा मिळाला तर संस्था त्याचे नेमके काय करू शकेल, हा या दाव्याच्या आडून येणारा प्रश्न या सगळ्या संदेशातला सर्वांत चांगला प्रश्न आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर जेमतेम आठवडाभरात मेदसां सां फ्राँतिए (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) या वैद्यकीय मदतसंस्थेने त्या आपत्तीसाठी आणखी देणग्या नकोत असे जाहीर केले आणि आलेला पैसा इतर ठिकाणी वापरण्याची परवानगी देणगीदारांकडे मागितली. बहुसंख्य देणगीदारांनी ती दिली. अगेन्स्ट मलेरिया फाउंडेशनच्या बाबतीत हाच प्रश्न बाहेरून विचारला गेला. मच्छरदाण्यांच्या परिणामाविषयी शंका नसताना आणि संस्थेचा खर्च नेहमीसारखाच कमी असतानाही, हाती असलेली मोठी रक्कम ती वाटपाच्या करारांत गुंतवू शकली नव्हती म्हणून गिव्हवेलने २०१३ च्या अखेरीस तिला शिफारशीच्या यादीतून काढले. पुढच्या वर्षभरात मोठ्या वाटपांचे करार झाले आणि २०१४ च्या अखेरीस ती यादीत परत आली. या दोन्ही निर्णयांत प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीचा प्रश्न कुठेच आला नाही.