युरियाचं क्रीम म्हणजे शेतातलं खत नव्हे

नाशिकच्या थंडीत टाचा फुटू लागल्या आणि द्राक्षबागेत राबणाऱ्या आमच्या बायांच्या मोबाईलवर निरोप फिरतोय: ‘युरियाचं क्रीम म्हणजे खतच, त्यापेक्षा लिंबू-मीठ घासा.’ हे साफ चूक आहे. युरिया आपल्या त्वचेतही मुळातच असतो, तो पाणी धरून ठेवतो. क्रीममध्ये १० टक्क्यांच्या आसपास असला तर ओलावा टिकतो. २० ते ४० टक्के असला तर जाड, मेलेला थर मऊ होऊन सुटतो. गोणीतला युरिया मात्र कालवून लावू नका, तो त्वचेसाठी बनवलेला नसतो. लिंबू-मीठ भेगेत झोंबतं, कोरडी कातडी आणखी सोलवटते. क्रीम आंघोळीनंतर पाय दमट असतानाच लावा. रक्त येणाऱ्या भेगेवर नको. मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना पाय दाखवा.