फुकट आहे म्हणून नाही

"नवा लॅपटॉप घेतलाय, त्यावर काय काय टाकू?" हा प्रश्न मला वर्षातून आठ-दहा वेळा तरी येतो. दर वेळी मी तीच मुक्त सॉफ्टवेअरची यादी टाइप करते आणि दर वेळी समोरून तेच ऐकते: "अरे वा, सगळं फुकट?" इथे माझं डोकं जरा फिरतं. म्हणून आता एकदाच सविस्तर लिहून ठेवते. पुढच्या वेळी या पोस्टची लिंक दिली की सुटले.

फुकट तर काय, ढीगभर मिळतं. रिचर्ड स्टॉलमनने १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून इंग्रजीवाले 'फ्री' या शब्दाशी झगडताहेत, कारण त्यांच्याकडे फुकटालाही तोच शब्द आणि मुक्तालाही तोच. आपल्याकडे दोन वेगळे शब्द हाताशी असूनही आपण 'फ्री' म्हणूनच मोकळे होतो. मुक्त म्हणजे सोर्स कोड, म्हणजे प्रोग्राम लिहितानाचा मूळ मजकूर, उघडा असलेलं. तो कुणीही वाचावा, बदलावा, पुढे वाटावा. मला स्वतःला कोडमधलं ओ की ठो कळत नाही. तरी मी या वाटेला लागले ते एका फजितीमुळे.

सहा वर्षं मी एका नोट्सच्या ॲपमध्ये रोज काहीबाही लिहायचे. ॲप देखणं, आणि अर्थातच फुकट. एक दिवस ईमेल आला की सेवा बंद होतेय, अमुक तारखेच्या आत आपला डेटा उतरवून घ्या. घेतला. एक भलीमोठी फाइल हातात आली. सगळ्या नोंदी एकीला एक चिकटलेल्या, आणि तारखा गायब. रोजनिशीतल्या तारखाच गेल्या! "आज फार थकले" हे वाक्य त्यात अकरा वेळा आहे, आणि कुठला थकवा कधीचा हे मला आजतागायत लावता आलेलं नाही. तेव्हापासून काहीही टाकण्याआधी मी एकच गोष्ट बघते: उद्या हे सोडायचं ठरवलं, तर माझा माल माझ्याबरोबर धड बाहेर येईल ना?

आता रोजनिशी साध्या टेक्स्ट फायलींत असते, महिन्याला एक फाइल. विंडोजवर नोटपॅड प्लस प्लस, लिनक्सवर (विंडोजच्या जागी चालणारी मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम) जे असेल ते. दिसायला अगदीच रूक्ष, पण चालेल.

ऑफिसच्या कामाला लिब्रेऑफिस. यावर जरा जास्त लिहिते, कारण लोक सर्वात आधी याच्यावरच वैतागतात. ओपनऑफिस नावाचं असंच जुनं सॉफ्टवेअर सन या कंपनीच्या हातून ओरॅकल या कंपनीकडे गेलं, तेव्हा त्यावर काम करणाऱ्या बऱ्याच जणांनी २०१० मध्ये वेगळी चूल मांडली, ते हे लिब्रेऑफिस. कोड उघडा होता म्हणूनच त्यांना तसं करता आलं. गंमत म्हणजे जुनं ओपनऑफिस नावाला अजूनही आहे आणि लोक चुकून तेच टाकतात. ते नका टाकू, त्यात आता फारशी धुगधुगी उरलेली नाही.

तक्रार नेहमीची: "वर्डची फाइल उघडली की सगळं इकडचं तिकडे होतं." बऱ्याचदा दोष फॉन्टचा असतो. फायलीत कॅलिब्री असतो आणि तुमच्या मशीनवर तो नसतो. लिब्रेऑफिसबरोबर कार्लितो नावाचा फॉन्ट येतो. त्याच्या अक्षरांची रुंदी कॅलिब्रीइतकीच ठेवलेली आहे, त्यामुळे ओळी जिथल्या तिथे तुटतात. हेच काम कॅम्ब्रियासाठी कालाडिया करतो. तरीही गुंतागुंतीची टेबलं आणि तरंगती चित्रं असली की घोळ होतो, तो मी नाकारत नाही. समोरच्याला नुसतं वाचायचं असेल तर पीडीएफ पाठवा. त्यातही एक छुपी सोय आहे. पीडीएफ काढताना 'हायब्रिड पीडीएफ' असा पर्याय मिळतो. तो निवडला की मूळ फाइल पीडीएफच्या पोटातच राहते. इतरांना ती साधी पीडीएफ दिसते, तुम्ही मात्र लिब्रेऑफिसमध्ये उघडून पुन्हा दुरुस्त करू शकता. मी हे कळल्यावर आठवडाभर भेटेल त्याला सांगत सुटले होते.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक. स्टाइलमध्ये जाऊन फॉन्ट बदलला आणि देवनागरी अक्षरं ढिम्म हलली नाहीत, तर प्रोग्राम बिघडलाय असं समजू नका. रोमन अक्षरांचा फॉन्ट आणि देवनागरीसारख्या लिपींचा फॉन्ट तिथे वेगवेगळा ठरवावा लागतो. त्याच खिडकीत 'कॉम्प्लेक्स' असा दुसरा कप्पा असतो, तिथे बदला. हे समजेपर्यंत मी दोनदा सगळं काढून पुन्हा टाकलं होतं.

ब्राउझर फायरफॉक्स, आणि त्यात पहिल्याच मिनिटाला यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं शेपूट. रेमंड हिल नावाच्या माणसाने ते २०१४ मध्ये आणलं आणि तो त्यासाठी देणगीही घेत नाही. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यापासून तिथे याची फक्त हलकी आवृत्ती चालते. फायरफॉक्सवर पूर्ण ताकदीची. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह हे सगळे आतून गूगलच्या एकाच क्रोमियम या इंजिनाचे, त्यामुळे वेगळं इंजिन जिवंत राहावं असंही मला वाटतं. पण फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाला मिळणारा बहुतेक पैसा गूगलला डीफॉल्ट सर्च ठेवण्याच्या करारातून येतो, हेही खरं. म्हणजे क्रोमला पर्याय म्हणून मी जे वापरते, त्याचं घर क्रोमवाल्यांच्याच पैशावर चालतं. याला माझ्याकडे उत्तर नाही. वापरते झालं.

व्हिडिओ बघायला व्हीएलसी, ते सगळ्यांना माहीत आहे. १९९६ च्या सुमारास पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांनी कॅम्पसच्या नेटवर्कवरून व्हिडिओ बघता यावा म्हणून सुरू केलेला उद्योग हा. त्यांनी जमवलेल्या रस्त्यावरच्या नारिंगी शंकूंवरून ते चिन्ह आलं. सबटायटल मागे-पुढे होत असतील तर जी आणि एच ही दोन बटणं दाबून बघा. एवढ्यासाठी लोकांना पूर्ण सिनेमा पुन्हा डाउनलोड करताना पाहिलंय मी.

झिप फायली बांधायला-उघडायला सेव्हन-झिप टाकाच, त्यावर बोलण्यासारखं काही नाही. ई-पुस्तकांना कॅलिबर: कोविद गोयल यांनी २००६ मध्ये स्वतःचा ई-बुक रीडर लिनक्सवर चालेना म्हणून लिहायला घेतलं आणि ते अजून थांबलेले नाहीत. दिसायला एखाद्या जुन्या कपाटासारखं, पण बहुतेक पुस्तकं हव्या त्या फॉरमॅटमध्ये फिरवून देतं. आवाजाच्या कामाला ऑडॅसिटी. मागची घरघर काढायची असेल तर रेकॉर्डिंग सुरू केल्यावर दोन-तीन सेकंद गप्प बसा. नंतर तेवढाच तुकडा निवडून त्याला नमुना म्हणून दाखवा, मग सगळं निवडून तोच इफेक्ट पुन्हा लावा. ज्यांनी गप्प न बसता थेट बोलायला सुरुवात केली, त्यांची घरघर काढताना मला रडू आलंय.

फोटो दुरुस्त करायच्या गिंपबद्दल माझं मत वाईट आहे आणि तरी ते माझ्या मशीनवर आहे. 'सेव्ह' म्हटलं की ते फक्त स्वतःच्याच फॉरमॅटमध्ये सेव्ह करतं, जेपीजी हवी असेल तर 'एक्सपोर्ट'. का, ते मला समजतं. रोज बोट चुकतं ते चुकतंच. २०२५ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत बरंच सुधारलंय. चित्रं काढणाऱ्यांनी मात्र गिंपच्या नादी न लागता सरळ क्रिटा घ्यावं.

आता पासवर्ड. इथे माझा हट्ट आहे. कीपासएक्ससी टाका. सगळे पासवर्ड कुलूपबंद अशा एकाच फायलीत, आणि ती फाइल तुमच्याच मशीनवर. मुख्य पासवर्ड विसरलात तर जगात कुणीही मदत करू शकत नाही. तो कागदावर लिहून घरात ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ही फाइल लॅपटॉपवरून फोनवर न्यायला मी सिंकथिंग वापरते. फाइल कुणाच्या सर्व्हरवर साठत नाही, दोन्ही यंत्रं शक्यतो थेट एकमेकांशी बोलतात. एकदा मी प्रवासात फोनवर एक पासवर्ड बदलला, घरी लॅपटॉपवर दुसरा, आणि नेट जोडल्यावर एकाच्या दोन फायली झाल्या. दुसरीच्या नावात 'सिंक कॉन्फ्लिक्ट' असं लिहिलेलं. पोटात गोळा आला. पण कीपासएक्ससीमध्ये दोन फायली एकत्र करायची सोय आहे, मिनिटभरात दोन्ही बदल जागेवर आले. आणि हो, सिंकथिंग म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे फाइल उडवली की तिकडचीही उडते. हे मी विचारून नाही, अनुभवून सांगतेय.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बाबांचा लॅपटॉप चांगला चालत होता, पण विंडोज ११ त्याला घ्यायला तयार नव्हतं. त्यावर लिनक्सचाच एक प्रकार, लिनक्स मिंट, टाकलं. आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघितलं: वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं लागतंय ना. ही पायरी गाळू नका, माझ्या एका जुन्या मशीनचं वायफाय असंच रुसलं होतं. बाबांनी पहिल्या दिवशी विचारलं, "ते खालचं बटण कुठे गेलं?" मी म्हटलं, "बाबा, तिथेच आहे, फक्त रंग बदललाय." त्यानंतर आजवर त्यांनी मला फक्त पत्त्यांच्या खेळाबद्दल विचारलंय. पण तुमचं पोट फोटोशॉपवर किंवा एखाद्या विशिष्ट हिशेबाच्या प्रोग्रामवर असेल, तर माझ्या बोलण्यावर जाऊ नका. ती लिनक्सवर येत नाहीत, आणि जुगाड करण्यात आठवडे जातात.

"कोड उघडा म्हणजे सुरक्षितच" असं म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या एका छोट्या प्रकल्पात चोरदार (गुपचूप आत शिरायची वाट) सापडलं. कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ इमानदारीत मदत करत विश्वास कमावला आणि मग ते बसवलं. सांभाळणारा मूळ माणूस जवळपास एकटा होता, थकलेला. पकडलं ते आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने, कारण त्याचं लॉगिन नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त वेळ घेत होतं. अर्धा सेकंद! मी तर पंख्याकडे बघत बसले असते. कोड उघडा नसता तर त्याला त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढता आला नसता, हे खरं. आणि इतकं सगळं एका थकलेल्या माणसावर सोडलेलं होतं, हेही तितकंच खरं. तेव्हापासून मी दरवर्षी यादीतल्या दोन प्रकल्पांना थोडे पैसे पाठवते. यंदा कॅलिबर आणि कीपासएक्ससी.

डाउनलोड नेहमी मूळ साइटवरूनच करा. सर्चमध्ये वर दिसणारी जाहिरात बऱ्याचदा भलत्याच कुणाची असते.

एका कामाला मात्र मला अजून काही सापडलेलं नाही. छापील मराठी पानांच्या चित्रांतून टाइप केलेला मजकूर काढायला मी टेसरॅक्ट वापरते, जोडाक्षरांत अडखळतं पण भागतं. हाताने लिहिलेलं त्याला झेपत नाही. आईच्या चार वह्या आहेत, निळ्या शाईतल्या, बारीक अक्षरातल्या, आणि तिने प्रत्येक पानावर तारीख घातलेली आहे. हे काम करणारं काही मुक्त सॉफ्टवेअर कुणी खरोखर वापरून पाहिलं असेल, तर सांगा. नुसतं ऐकलेलं नको.