‘पाणी पाजा, लघवी मोकळी होईल’ म्हणे!

आमच्या नात्यातल्या, चोपड्याकडच्या एका बाळंतिणीचं बाळ जन्मल्यावर रडलंच नाही. बॅग-मास्कनं श्वास द्यावा लागला. आता ते एसएनसीयूत, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या आजारी नवजातांच्या कक्षात आहे आणि लघवी कमी होतेय. एवढं कळायचा अवकाश, फॅमिली ग्रुपवर तो मेसेज हजर: ‘अशा बाळाची किडनी दवाखान्यातल्या इंजेक्शनांनी जाते. एकदा गेली की जन्मभर डायलिसिस. बाळ घरी आणा, गोखरूचा काढा आणि उकळलेलं पाणी चमच्यानं पाजा. लघवी झाली की किडनी ठणठणीत. गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही की असं होतं.’

मी नवजात कक्षात सिस्टर म्हणून काम केलेली बाई. डोकंच फिरलं.

ग्रहणाचं सोडूनच देते. इंजेक्शनांचं अर्धं खरं आहे, तेवढं कबूल. जेंटामायसिन, अमिकासिन ही जंतुसंसर्गावरची अँटिबायोटिक्स किडनीला जड जातात, म्हणून तर डोस वजनावर मोजतात आणि लघवी कमी असली तर दोन डोसमधलं अंतर वाढवतात. पण मूळ दुखणं त्याच्या आधीचं. ऑक्सिजन तुटला की शरीर उरलंसुरलं रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळवतं आणि किडनीचं रक्त तोडतं. मार तिथे बसतो, पहिली सुई टोचायच्या आधी. उलट किडनीच्या आजारांसाठीच्या केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वं काढून बघा. जन्मताना खूप गुदमरलेल्या, किडनीला धोका असलेल्या बाळाला थिओफिलिनचा एकच डोस द्यावा, असं त्यात सुचवलंय. किडनीच्या आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल व्हाव्यात म्हणून. म्हणजे किडनी वाचवायचंही औषधच आहे, आणि ते काढ्याच्या पातेल्यात मिळत नाही.

आता पाणी. इथे मात्र माझा संयम सुटतो, कारण यानं बाळ जाऊ शकतं. मोटार जळाली असताना विहिरीत टँकर ओतून केळीला पाणी पोचतं का? अडीच किलोच्या बाळाला दिवसाकाठी ६० मिलीपेक्षा कमी लघवी झाली तर ती कमी धरतात. अशा बाळाला वरून पाणी पाजलं तर ते जाणार कुठे? अंगात साठतं, फुप्फुसात उतरतं. रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि आधीच मार खाल्लेल्या मेंदूला झटके येतात. म्हणून सिस्टर ओलं लंगोट काट्यावर ठेवते, कोरड्याचं वजन वजा करते. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. त्या हिशोबावर सलाईन ठरतं. आणि बाहेर आजी काचेला नाक लावून म्हणते, “पोऱ्याले घोटभर पानी पाजा ना!” दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ गुबगुबीत दिसलं म्हणून खूशही होतात. अहो, पहिल्या आठवड्यात धडधाकट बाळाचंही वजन थोडं घटतं. ही सूज आहे.

काढ्याबद्दल वेगळं काय सांगू? सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही नको, हे आशाताई घरोघरी सांगून दमल्या. इथे तर किडनीच आजारी आहे.

‘लघवी झाली की ठणठणीत’ हेही खोटं. गुदमरलेल्या कित्येक बाळांची लघवी नीट होत असते आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, मात्र चढत असतं. तेही एका रिपोर्टवरून कळत नाही. पहिल्या दिवशी बाळाच्या रक्तात आईचंच क्रिएटिनिन असतं, म्हणून तपासणी पुन्हा पुन्हा होते. त्याला ‘पैसे काढायचे धंदे’ म्हणणाऱ्यांनी ऐकावं: २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजाताचे उपचार, तपासण्या आणि वाहतूक सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

जन्मभर डायलिसिस? यातून जगलेल्या बहुतेक बाळांची किडनी काही दिवसांत, आठवड्यांत सावरते. थोड्यांनाच तात्पुरतं पोटातून डायलिसिस लागतं. मात्र काहींना पुढे बीपी किंवा किडनीचा त्रास होऊ शकतो, म्हणून घरी नेताना डिस्चार्ज कार्डावर शेवटचं क्रिएटिनिन लिहून घ्या आणि तीन महिन्यांनी ते कार्ड घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे जा, बाळ कितीही हसतं-खेळतं असलं तरी.