‘सॉरी म्हण, हात मिळव’: भांडण मिटवण्याच्या पाच मिनिटांच्या उपायाबद्दल

नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: पोरांचं भांडण मिटवणं पाच मिनिटांचं काम आहे. दोघांना लगेच समोरासमोर उभं करा, टाळी एका हातानं वाजत नाही हे सांगा, सॉरी म्हणायला लावा, हात मिळवून घ्या. नाही ऐकलं तर दोन फटके. आम्हीही खाल्ले, आमचं काय बिघडलं? शेवटी नवरा-बायकोंना फुकटचा सल्ला: भांडण मिटवल्याशिवाय झोपू नका. वाचायला सोपं आहे, म्हणूनच पुढे पाठवलं जातं. यातला जवळजवळ प्रत्येक भाग चुकीचा आहे.

‘लगेच समोरासमोर उभं करा.’ एप्रिलमधली सकाळची शाळा सुटली आहे. व्हॅनमध्ये सहावीतले दोघं खिडकीच्या जागेवरून भिडले. एकानं दुसऱ्याचं दप्तर खाली ढकललं, दुसऱ्यानं बाटलीतलं पाणी त्याच्या वहीवर ओतलं. ‘मले काहून मारलं बे?’, ‘तू काहून माह्या जागेवर बसला?’ कान लाल, श्वास वर. या अवस्थेत पोरगं ऐकत नसतं, पुढचं उत्तर तयार करत असतं. आधी १५-२० मिनिटं दोघांना वेगळं ठेवायचं, पाणी द्यायचं. वेगळं म्हणजे खरंच वेगळं. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एकाच बाकावर बसवलं, तर वीस मिनिटांत राग उतरत नाही, नुसती डोळेवटारणी होते.

मग प्रत्येकाशी पाच-सात मिनिटं एकट्यानं बोलायचं. इथं सर्वांत जास्त घोळ ‘काहून’, म्हणजे ‘का’, या शब्दानं होतो. ‘काहून मारलं?’ विचारलं की पोरगं स्वतःचं वकीलपत्र घेतं. ‘काय झालं? त्याच्या आधी काय झालं होतं?’ असं विचारलं की ते घडलेलं सांगतं, आणि बऱ्याचदा मागच्या आठवड्यातली गोष्ट बाहेर येते. खिडकीचा वाद जागेचा नसतोच. दुपारच्या उन्हात त्या जागेला वारा लागतो आणि ती रोज एकालाच मिळते, हा तो वाद असतो.

यानंतर समोरासमोर, १५-२० मिनिटं. खुर्च्या थोड्या तिरक्या, मध्ये शिक्षकांचं टेबल नको. टेबल आलं की कचेरी होते. नियम एकच: एकानं दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं उत्तर देण्याआधी ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायचं. ‘हा म्हणते का मी दप्तर ढकललं, पण...’ इथंच थांबवायचं. ‘पण’च्या पुढे आपली बाजू सुरू होते, ऐकणं संपतं. पुन्हा सांगायला लावायचं, ‘पण’ वगळून. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जमतं.

ठरेल ते मुलांनीच सुचवावं, मोठ्यांनी फक्त लिहून घ्यावं. कागदावर ‘यापुढे चांगले वागू’ एवढंच असेल तर तो फाडून टाकावा. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार खिडकी याची, मंगळवार, गुरुवार, शनिवार त्याची, आणि हे व्हॅनवाल्या काकांना माहीत आहे’, असा करार टिकतो, कारण तो मोडला तर लगेच कळतं.

‘टाळी एका हातानं वाजत नाही.’ संदेशातलं सर्वांत घातक वाक्य हेच. खिडकीच्या भांडणाला ते कदाचित लागू पडेल. पण पाच जण मिळून एकाचा डबा रोज पळवतात, तिथं टाळी कुणाची? नॉर्वेतल्या शाळांमध्ये काम केलेले संशोधक डॅन ओल्वेयस यांनी छळ आणि भांडण यांत केलेला फरक आज जगभर वापरला जातो. मुद्दाम दिलेला त्रास, पुन्हा पुन्हा, आणि ताकद असमान. ही तिन्ही लक्षणं असतील तर ते भांडण नव्हे. अशा प्रकरणात मध्यस्थी करायचीच नाही. मध्यस्थी म्हणजे दोघांनी थोडं थोडं सोडणं, आणि मार खाणाऱ्याकडे सोडण्यासारखं काही नसतं. त्यात त्याला छळणाऱ्याच्या समोर बसवून ‘तुला काय वाटलं?’ विचारलं, तर तो ‘काही नाही’ म्हणतो. मधल्या सुट्टीत त्याचं काय होणार हे त्याला ठाऊक असतं.

ओळखायला तीन प्रश्न पुरतात. याआधी किती वेळा झालं? वय, अंगानं किंवा मित्रांच्या संख्येनं दोघं बरोबरीचे आहेत का? आणि एक जण काही टाळू लागला आहे का: संडास, मागचा जिना, मधली सुट्टी, व्हॅन? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं, तर समेटाची बैठक रद्द. छळणाऱ्यांशी एकेकट्यानं बोलायचं (टोळी एकत्र बोलावली की आत येण्याआधीच एकच गोष्ट पाठ झालेली असते), त्या जागांवर मोठ्या माणसाची नजर ठेवायची आणि सोसणाऱ्याला कधी, कुणाकडे यायचं हे नेमकं सांगायचं. शाळा हलत नसेल तर १०९८ ही बालकांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे.

‘सॉरी म्हणायला लावा.’ पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा मिरवताना आपण ‘इडा पिडा घेऊन जाय गे मारबत’ म्हणतो. वर्षातून एकदा ते शोभतं. शाळेत सॉरीची मारबत रोज निघते, आणि पिडा वर्गातच राहते. हुकमानं म्हटलेल्या सॉरीत म्हणणाऱ्याला कळतं एवढंच, की दोन अक्षरांत सुटका होते. ज्याला लागलं त्याची गत आणखी वाईट: त्याला ‘इट्स ओके’ म्हणावं लागतं, ओके नसताना.

त्याऐवजी भरपाई ठरवावी. वही भिजली तर भिजलेली पानं ओतणाऱ्यानं उतरवून द्यावीत, शुक्रवारपर्यंत, स्वतःच्या अक्षरात. आईनं झेरॉक्स काढून देणं ही भरपाई नव्हे. हात मिळवायची सक्ती नको. दोघांनी महिनाभर लांब लांब बसायचं ठरवलं तर तोही समेटच. सॉरी यायचं असेल तर या दरम्यान आपोआप येतं, कुणी बघत नसताना.

‘दोन फटके.’ यावर फार शाई नको. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. चाळीस पोरांसमोर कान धरून उभं करणंही त्यातून सुटत नाही. राहिलं ‘आमचं काय बिघडलं’. मोठ्यानं मारून वाद मिटवला की पोरगं शिकतं, ज्याचा हात जड त्याचं खरं. मग ते आपल्याहून लहान कोण आहे ते शोधतं.

‘मिटवल्याशिवाय झोपू नका.’ हेतू चांगला, पण रात्री साडेअकराला, कूलरच्या घरघरीत आवाज चढवून आजवर कोणता वाद मिटला आहे? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत वादाच्या विषयावर बोलायला बसवून हृदयाचे ठोके मोजले. ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की समोरच्याचं म्हणणं नीट आत जात नाही. एका प्रयोगात यंत्र बिघडल्याचं सांगून वाद मध्येच थांबवला आणि सुमारे अर्धा तास नुसती मासिकं चाळायला दिली. नंतर तीच माणसं त्याच विषयावर पुष्कळ निवळून बोलली. शरीर निवायला निदान वीस मिनिटं लागतात.

तेव्हा थांबावं, झोपावं सुद्धा. मात्र अट आहे. ‘आता नको, उद्या सकाळी चहानंतर बोलू’, अशी वेळ सांगूनच उठायचं. वेळ न सांगता उठणं म्हणजे अबोला, आणि आपल्या घरांत तो आठ-आठ दिवस चालतो. पोरं निरोप्याचं काम करतात. ‘पप्पाले सांग जेवण वाढलं.’ ज्यानं थांबायला सांगितलं त्यानंच सकाळी विषय काढायचा. दुसरी चूक म्हणजे थांबलेल्या वेळात मनात मुद्द्यांची उजळणी करणं; त्यानं ठोके उतरत नाहीत. भांडी घासा, गच्चीवर चक्कर मारा.

हे सगळं बरोबरीच्या वादापुरतं. घरात हात उचलला जात असेल, तर तिथं ना चहानंतरची वेळ, ना काका-मामांची बैठक. ओल्वेयस यांचा असमान ताकदीचा निकष घरालाही लागू आहे. त्यासाठी कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा आहे, १८१ हेल्पलाइन आहे, नागपूर पोलिसांचा भरोसा सेल आहे.

उरतो संदेशात न लिहिलेला पण खरा मुद्दा: शिक्षकांना एवढा वेळ कुठे? हिशोब करू. एकेकट्यानं बोलायची सुमारे पंधरा मिनिटं, एकत्र वीस, मग तीन दिवसांनी आणि दोन आठवड्यांनी दोन-दोन मिनिटांची विचारपूस. जेमतेम एक तासिका. पाच मिनिटांत मिटवलेलं भांडण आठवड्यात तीनदा परत आलं आणि पालक भेटायला आले, की त्याहून जास्त वेळ जातो. वर्गशिक्षकांना वर्ग सोडता येत नाही हे खरं. म्हणून हे काम ऑफ तास असलेल्या शिक्षकांकडे द्यावं, आणि तासिकेच्या तक्त्यात ते आधीच, नावानिशी लिहिलेलं असावं. विचारपूस मात्र वर्गशिक्षकांनीच करावी, एकेकाला बाजूला घेऊन. सगळ्यांसमोर ‘काय रे, मिटलं ना?’ विचारलं, तर ‘हो’शिवाय दुसरं उत्तर मिळणार नाही.